चार महिन्यांचे तळे

वसईत तळी किती, असे विचारले की माणसे बोटांवर मोजू लागतात. निर्मळचे तळे येते, सोपाऱ्याचे चक्रेश्वराचे येते, मग जो तो आपापल्या गावातले एखादे पुढे करतो. या मोजणीत मिठागरे कधी येत नाहीत. आषाढात भाईंदरचा पूल ओलांडून गाडी नायगावला लागली, म्हणजे रुळांच्या कडेने जे पाणी पसरलेले दिसते, ते ही सारी तळी पोटात घालून वर उरेल एवढे असते. पण त्याला तळे म्हणायला कुणी तयार नसते. ‘मिठागरात पाणी भरलंय’ एवढेच म्हणतात. जणू घर मिठाचे आहे आणि पाणी तिथे चार दिवसांचे पाहुणे आले आहे.

वर्षभर त्या बांधांवर जा-ये केल्यावर मला हे नाते उलटे वाटू लागले आहे. घर पाण्याचे आहे. भरतीचे पाणी, पावसाचे पाणी, डोंगरावरून खाडीकडे निघालेले पाणी, सगळी तिथे आपापल्या वेळेला येतात. माणसाने बांध घालून या पाण्याशी एक करार केला, की पावसाचे चार महिने तुझे आणि उरलेले माझे. मीठ ही त्या कराराची मिळकत.

वसईचा इतिहास सांगणाऱ्यांना किल्ला दिसतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला, १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. बांध घालणाऱ्यांच्या वाट्याला इतिहास आला तो त्यांच्या नावापुरता. जुन्या गॅझेटियरांत आगऱ्यांचे मीठ आगरी, ढोल आगरी असे भेद दिलेले आहेत. शब्दही कसे असतात पाहा. दक्षिण कोकणात आगर म्हटले की नारळी-पोफळीची बाग डोळ्यांपुढे येते. इकडे आगर म्हटले की मीठ. आणि हे मीठ कुणी बनवीत नाही. ते पिकते. भातासारखे, भाजीसारखे पिकते. मीठ हा शब्दच मुळी ‘मिष्ट’ म्हणजे गोड यावरून आलेला. गुजरातीत तर ‘मीठुं’ म्हणजे मीठही आणि गोडही. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे गुजराती वस्तीत ‘सबरस’ म्हणून मीठ दारावर येते, आणि वर्षाची पहिली खरेदी म्हणून लोक ते शुभ मानून घेतात.

गंमत अशी, की मीठ असे शुभ म्हणून घरात येते त्या दिवसांत मिठागरात मिठाचा कणही नसतो. तिथे असते पावसाचे उरलेले पाणी. ते ओहोटीबरोबर खाडीत सोडतात. तळाशी चिखल उरतो. पावसाने खचलेले बांध त्याच चिखलाने लिंपायचे, वाफ्यांतला गाळ उपसायचा, आणि मग वाफ्याची जमीन पायांनी तुडवायची, धोपटायची, सारखी करायची. हे तुडवणे मी एकदा सबंध सकाळभर पाहिले. सात-आठ बायामाणसे एका ओळीत टाचा रोवीत पुढे सरकत होती. शेवटाला पोचली की वळून परत. सारवलेल्या अंगणासारखी जमीन घट्ट आणि गुळगुळीत झाली पाहिजे. पाणी मुरले तर मीठ कसले, आणि माती सुटली तर मीठ काळे. एवढे करूनही पहिल्या खेपेचे मीठ मातकट निघते ते निघतेच. मग उत्तरोत्तर पांढरे होत जाते.

पाणी आत घ्यायचे तेही तिथी पाहून. एकादशीच्या सुमाराला भांग असते, भरती अर्ध्यावरूनच परतते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आले की पाणी उंच चढते. तेव्हा बांधातले दार उघडायचे आणि पाणी आत आले की लावून घ्यायचे. आता पंप आले आहेत. तरी मिठागरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिथीसाठी कॅलेंडर पाहावे लागत नाही.

समुद्राच्या हजार लिटर पाण्यात सारे क्षार मिळून सुमारे ३५ किलो असतात, आणि त्यांतले खायचे मीठ सुमारे २७ किलो. खाडीचे पाणी त्याहून थोडे अळणीच. दहा भागांतले जवळजवळ नऊ भाग पाणी उडून गेल्याशिवाय मिठाचा पहिला कण दिसत नाही. म्हणून पहिला खण मोठा, पुढचा त्याहून उथळ, त्यापुढचा आणखी उथळ. पाणी एकातून दुसऱ्यात सरकत तापत आणि दाटत जाते. क्षारही सगळे एकदम बाहेर येत नाहीत. आधी चुना बसतो, त्यानंतर जिप्सम. बोमेच्या मापावर साधारण २५ अंशांना मीठ पडू लागते, आणि ३० च्या पुढे गेले की मॅग्नेशियमचे कडू क्षार. मिठागराची सारी विद्या या क्रमात आहे. चुना आणि जिप्सम मागच्या खणांत राहू द्यायचे, मीठ वाफ्यात धरायचे, आणि कडवट पाणी वेळेवर सोडून द्यायचे. माप हातात नसलेली माणसे ही विद्या पाण्याच्या रंगावरून, काठाला लागणाऱ्या फेसावरून आणि बोटांना जाणवणाऱ्या बुळबुळीतपणावरून वापरीत आली.

माघातल्या एखाद्या दुपारी वारा पडलेला असताना वाफ्याजवळ उकिडवे बसावे. पाण्याच्या पाठीवर प्रथम एक साय धरते. नीट पाहिले तर ती साय नसते. बाजरीच्या दाण्याहून लहान, चौकोनी, आतून पोकळ अशा मिठाच्या नावा तरंगत असतात. त्या काठाकाठाने वाढत जातात, आणि मग झुळूक येते नि सगळ्या बुडतात. तळाशी पडल्यावर त्यांचेच खडे होतात. चार-सहा दिवसांनी लांब दांड्याच्या फळीने ते ओढून बांधावर घेतात, निथळत ठेवतात, आणि मग टोपल्यांनी राशीवर वाहतात. कडू पाण्याचा जो अंश खड्यांत अडकून राहतो, तो आपल्याला श्रावणात भेटतो. बरणीतले जाडे मीठ ओले होते, पाझरते, ते त्या मॅग्नेशियममुळे. म्हणजे मिठागराचे तळे होते त्याच दिवसांत स्वयंपाकघरातल्या बरणीचेही लहानसे तळे होते. माझी आजी बरणीत तांदळाचे दाणे टाकायची.

दाट पाण्यात काही जगत नसेल असे वाटते, पण तसे नाही. फाल्गुनात काही खणांचे पाणी गुलाबी, विटकरी दिसू लागते. खारात जगणारे एक एकपेशीय शेवाळ असते, ते तीव्र ऊन आणि खार यांपासून बचावासाठी तांबूस रंग तयार करते. शिवाय खार आवडणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांचाही रंग तोच. २०२० च्या जून महिन्यात बुलढाण्याचे लोणारचे सरोवर गुलाबी झाले आणि लोक ते पाहून चकित झाले, तेव्हा कारण या जातीच्या सूक्ष्मजीवांचेच निघाले. रंगीत पाणी ऊन जास्त शोषते, लवकर तापते, म्हणून मीठकऱ्याला हा रंग फायद्याचाच. हे शेवाळ खाऊन खाऱ्या पाण्यातले नखाएवढे झिंगे जगतात, आणि रोहित पक्ष्याच्या पिसांतली लाली याच साखळीतून येते. ठाण्याच्या खाडीत रोहितांचे थवे उतरतात. भरतीला तिथला चिखल बुडाला, म्हणजे ते आणि तुतवार, चिखले, टिलवे अशी सारी काटकुळी मंडळी टेकायला मिठागरांच्या उथळ पाण्याकडे येतात. आपल्याकडच्या बांधांवर शेकाट्या सगळ्यांत धीट. लाल काड्यांसारख्या पायांवर उभा राहून तो माणसावर असा ओरडतो, की जागेचा मालक कोण याबद्दल शंका राहू नये.

चैत्र-वैशाख हे खरे पिकाचे महिने, आणि धास्तीचेही. थोडा अवकाळी पाऊस आला तर एक युक्ती असते. गोडे पाणी हलके, खारे जड. वरचा थर अलगद सोडून दिला तर खालचा खार वाचतो. पण १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले, त्या दिवशी सांताक्रूझला २३० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. अशा पावसापुढे कसली युक्ती! समुद्राकडून सहा महिने थेंबाथेंबाने घेतलेले एका दिवसात समुद्राला परत.

त्या साली राशीवरचे प्लॅस्टिक उडून गेले, ते पकडायला धावलेल्या एका मावशींशी माझी पुढे ओळख झाली. डहाणू-तलासरीकडची आदिवासी कुटुंबे हंगामापुरती इथे येतात. या मात्र इथल्याच, आगरी. त्यांच्या टाचांच्या भेगांत मीठ शिरून शिरून कातडी पांढरट झाली आहे. दुपारी बांधावर सावलीचा पत्ता नसतो. वरून ऊन आणि खालून पांढऱ्या मिठावरून परत येणारे ऊन. मी एकदा पाखरांबद्दल, पाण्याच्या रंगांबद्दल उत्साहाने बोलत होते. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बाय, तू बगायला येतंस, बरा वाटतं. माज्या नातीला मी इथं येऊ देत नाय. ती वसईला दुकानात कामाला हाय, पंख्याखाली.” मिठागर टिकावे असे म्हणताना ही नात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ज्या कामातून आपली मुले सुटावीत असे ते करणाऱ्यांना वाटते, ते काम चालू राहावे असे काठावर उभे राहून म्हणण्यात काहीतरी चुकते. उघड्यावरचे हे कष्ट थोडे कमी व्हावेत, पिण्याचे पाणी आणि सावली मिळावी, टोपलीचा मोबदला बरा व्हावा, एवढे आधी झाले पाहिजे.

ज्येष्ठात राशी झाकल्या जातात. पूर्वी पेंढ्याने, आता प्लॅस्टिकने. आणि मग पाऊस पडतो.

पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनी खाडीचे, ओहोळांचे पाणी गोडावते आणि मासे उलटे चढू लागतात. याला वलगण म्हणतात. रात्री बत्त्या घेऊन माणसे बाहेर पडतात, कुणाच्या हातात पाग, कुणाच्या हातात नुसती टोपली. मिठागरात दारावाटे बोईट येतात, कोळंबी येते, चिवणी येतात, चिंबोऱ्या येतात. आणि त्यांना खायला जिताडा येतो. जिताडा हा मासा खारे-गोडे दोन्ही मानून घेणारा. उन्हाळ्यात जिथे मीठ फळीने ओढत होते, तिथे श्रावणात तो हातभर वाढलेला असतो. वाफ्यांचे चौकोन दिसेनासे होतात. बांधांचे माथे तेवढे गवताने हिरवे होऊन पाण्यावर रेघांसारखे राहतात. हेच ते तळे. मासळी हे त्याचे एक पीक, आणि ज्यांची पोटे मिठावर आहेत त्यांना पावसाळ्यात याच पाण्याचा आधार. दिवाळीनंतर पाणी सोडताना उरलीसुरली मासळी दाराशी जाळे लावून धरतात.

पण या तळ्याचे मोठे काम मासळीचे नाही. ते नुसते तिथे असते, हेच त्याचे काम. एका हेक्टरावर २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर पाणी उभे राहिले, तर ते २० लाख लिटर होते. वसईकराला पाण्याचा हिशेब टँकरने कळतो, म्हणून तसे सांगते: दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. हे एका हेक्टराचे. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की खाडी पाणी घेत नाही. ओहोटी लागेपर्यंत चार-सहा तास ते कुठेतरी थांबावे लागते. इतकी वर्षे ते मिठागरांत, खाजणांत आणि भाताच्या शेतांत थांबत होते. १० जुलै २०१८ ला नालासोपारा आणि विरारच्या मधले रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या थांबल्या. वसई पूर्वेच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे पाण्यात अडकली. माझी भाची तेव्हा नालासोपाऱ्याला तळमजल्यावर राहत होती. पलंगाच्या दांड्यापर्यंत पाणी. ती म्हणाली, “मावशी, एवढं पाणी आलं कुठून?” त्या इमारतीच्या जागेवर मी लहानपणी मिठाच्या राशी पाहिल्या आहेत. पाणी आले नव्हते; ते आपल्या नेहमीच्या ठिकाणी थांबले होते. तिला मी हे सांगितले नाही. तिने वीस वर्षांचे कर्ज काढून ते घर घेतले होते.

सरकारचे दप्तर पाहावे तर त्यात हे तळे नाही. इंग्रजांना मिठागरात फक्त कर दिसला. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्याशिवाय मीठ करणे गुन्हा झाला. खडकाच्या खळग्यात आपोआप सुकलेले उचलणेही गुन्हाच. १९३० च्या मे महिन्यात वडाळ्याच्या आणि शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही चालून गेले, लाठ्या खाऊन मूठभर मीठ घेऊन आले, ती गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत असते. १ एप्रिल १९४७ ला मिठावरचा कर गेला. मीठ सुटले; मिठागराकडे बघण्याची दृष्टी मात्र तीच राहिली. मीठ हा विषय राज्यघटनेने केंद्राकडे दिला. २००६ पासून आयोडीन नसलेले मीठ थेट खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली. गलगंडाचा विचार केला तर ते योग्यच झाले. पण लहान मिठागरांचे मीठ ताटातून उठले ते उठलेच. आता ते बर्फाच्या कारखान्याला जाते, कातडी कमवायला जाते, नारळाच्या बुंध्याशी पडते, कोळीवाड्यात मासळी खारवायला जाते. (बोंबील मात्र मिठाशिवाय नुसत्या उन्हा-वाऱ्यावर सुकतात, हे अर्नाळ्याच्या वलांडीखालून गेलेल्याला सांगायला नको.) भाव असा, की मजुरी आणि वाहतूक वजा जाता उरते ते पाहून पुढचा मुलगा आगर सोडतो.

राजस्थानातले सांभर हे निसर्गाने केलेले खाऱ्या पाण्याचे तळे. पावसात भरते, उन्हाळ्यात आटते, काठाने मीठ पिकते. १८७० मध्ये इंग्रजांनी ते जयपूर आणि जोधपूरकडून भाडेपट्ट्याने घेतले. १९९० मध्ये त्याला रामसरच्या यादीत पाणथळ म्हणून स्थान मिळाले. लोणारला २०२० मध्ये, ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये. आमचे तळेही तेच करते. भरते, आटते, मीठ देते, पाखरे पोसते. पण २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत व्याख्येतच म्हटले आहे, की मीठ पिकवण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या रचना या पाणथळ नव्हेत. बांध माणसाने घातला, हा त्याचा दोष. तो बांध नसता तर तिथे खाजण असते, आणि खाजणाला तरी कायद्यात नाव आहे. मधल्यामध्ये अडकलेली ही जागा: कारखाना म्हणावे तर पावसाळ्यात बुडते, तळे म्हणावे तर उन्हाळ्यात दिसत नाही. मग नकाशा पाहणाऱ्याला ती मोकळी जमीन वाटते. मुंबईत २०२४ मध्ये कांजूर, भांडुप, मुलुंड भागांतली सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी द्यायचे ठरले. घरे हवीत, याबद्दल वाद नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती १२ लाखांवर होती. विरारच्या गाडीला लटकून जाणाऱ्या माणसाला कुठेतरी पाठ टेकायला जागा हवीच. मला एवढेच कळत नाही, की जी जागा सगळ्यांत शेवटी कोरडी होते तीच घरासाठी सगळ्यांत आधी का सुचावी.

आमच्याकडे हिरव्या वसईसाठी लोक हिरिरीने लढले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरची माणसे रस्त्यावर आली, म्हणून पश्चिमेकडच्या वाड्यांना, विहिरींना, पानवेलींना कुणी वाली आहे असे वाटले. ‘हरित वसई’ या दोन शब्दांत केळीची बाग चटकन बसते. मिठागराचा रंग हिरवा नाही. आठ महिने ते करडे नि पांढरे असते, त्यावर सावली धरणारे झाड नसते, तिथे सहलीला कुणी जात नाही.

नायगावच्या अलीकडे एक आगर काही वर्षांपूर्वी सोडून दिलेले आहे. दाराच्या फळ्या कुणीतरी जळणाला नेल्या. भरती आता विचारल्यावाचून आत येते आणि ओहोटीबरोबर निघून जाते. जिथे बायका ओळीने जमीन तुडवीत तिथे तिवरांची रोपे गुडघ्याच्या वर आली आहेत, आणि चिखलात निवट्या उड्या मारतात. शेजारच्या आगरात भरावाचे डंपर येऊ लागले आहेत. त्यांच्या चाकांची वाट जुन्या बांधावरूनच जाते. मधल्या आगरात अजून मीठ पिकते. गेल्या आश्विनात मी गेले तेव्हा पाणी कंबरभर होते आणि मावशी बांधावर बसून जाळे विणीत होत्या. पाणी कधी सोडणार, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “आमुश्येची भरती येऊ दे, मंग बगू.”